डेंगीची आयजीएम पोअरच्या तोंडाशीच का अडकली? सच्छिद्र सिलिकॉन चिपचं एक प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगते. मुंबईतल्या आमच्या छोट्या ग्रुपने सच्छिद्र सिलिकॉनची एक ऑप्टिकल चिप बनवली, तिच्या छिद्रांच्या आतल्या भिंतींवर डेंगीचं अँटिजेन, म्हणजे विषाणूचा जो भाग अँटिबॉडी ओळखते तो, बसवलं, आणि रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, कुठलाही रंग किंवा लेबल न लावता, फक्त परत येणाऱ्या प्रकाशावरून ओळखायच्या असा बेत होता. आयजीजी आणि आयजीएम हे अशा अँटिबॉडींचे दोन प्रकार. आयजीजी भरपूर असलेलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, टाकलं की चिपचा सिग्नल छान सरकायचा. आयजीएम भरपूर असलेलं सीरम टाकलं की जवळपास काहीच नाही. आणि तेच सीरम एलायझामध्ये, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या नेहमीच्या लॅब टेस्टमध्ये, स्वच्छ पॉझिटिव्ह यायचं. मी ग्रुपमध्ये ऑप्टिक्सची बाजू बघते, चिप एक पीएचडीचा मुलगा बनवतो, आणि सीरमचे नमुने, रुग्णाची ओळख काढून आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने, एका हॉस्पिटलमधल्या मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टर मॅडम देतात. या आयजीएमने आम्हाला बरंच फिरवलं, आणि ते सगळं नीट लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण पोअरस, म्हणजे सच्छिद्र, सेन्सरवर काम सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक जण याच वळणावर येणार आहे.

आयजीएम सुटली तर एवढं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बरंच बिघडतं. डेंगीचा ताप आला की पहिल्या काही दिवसांत एनएस1 अँटिजेन सापडतं, मग साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम दिसायला लागते, आणि पहिल्यांदाच डेंगी झालेल्या माणसात आयजीजी त्याच्याही नंतर येते. दुसऱ्यांदा डेंगी झाला असेल तर उलटं, आयजीजी लवकर आणि जोरात चढते आणि आयजीएम कमी राहू शकते. म्हणजे फक्त आयजीजी बघणारी चिप पहिल्यांदा आजारी पडलेल्या माणसाला सोडून देणार, आणि ज्याला दोन वर्षांपूर्वी डेंगी होऊन गेलाय आणि आत्ता भलत्याच कारणाने ताप आहे त्याला पकडणार. जुलै ते ऑक्टोबर मुंबईत फीवर ओपीडीची काय अवस्था असते ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आयजीएमसाठी सरकारी हॉस्पिटलांत आजही मुख्य आधार मॅक एलायझाचा आहे, पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, तो किट बनवते, आणि तो किट उत्तम आहे यात वादच नाही, पण त्याला काही तास लागतात आणि प्लेट भरेल इतके नमुने जमल्यावरच लावणं परवडतं. एकेका नमुन्याला थोड्या वेळात उत्तर देणारी छोटी चिप हवी, एवढीच आमची इच्छा होती.

आता चिप कशी चालते ते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ चकती, हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड आणि इथेनॉलच्या मिश्रणात ठेवून त्यातून करंट सोडला की सिलिकॉन सरसकट विरघळत नाही, त्यात खाली-खाली जाणारी बारीक छिद्रं तयार होतात. 1956 मध्ये बेल लॅब्जमध्ये आर्थर आणि इंगेबोर्ग उलिर हे सिलिकॉन पॉलिश करायच्या प्रयत्नात होते तेव्हा हा थर पहिल्यांदा दिसला. मग बरीच वर्षं त्याकडे फार कुणी बघितलं नाही, 1990 मध्ये ली कॅनहॅम यांनी दाखवलं की हा सच्छिद्र सिलिकॉन साध्या तापमानाला लाल-नारिंगी चमकतो, आणि तेव्हापासून सगळे त्याच्या मागे लागले. सेन्सरची खरी सुरुवात 1997 ची, मायकेल सेलर आणि रेझा घदिरी यांच्या ग्रुप्सनी मिळून याच थराचा इंटरफेरन्सवर चालणारा बायोसेन्सर दाखवला, आणि 1999 मध्ये सेलर यांच्याच ग्रुपने भिंतीवर प्रोटीन ए हे अँटिबॉडी धरणारं प्रथिन बसवून माणसाची आयजीजी पकडून, परत सोडून दाखवली. हे 1999 चं लक्षात ठेवा. अँटिबॉडी पकडायची म्हणून जी कृती हातोहात पुढे आली ती आयजीजीची कृती आहे.

थरावर पांढरा प्रकाश टाकला की थोडा वरच्या पृष्ठभागावरून परत येतो आणि थोडा तळावरून, म्हणजे जिथे छिद्रं संपतात आणि भरीव सिलिकॉन सुरू होतं तिथून. हे दोन किरण एकमेकांत मिसळतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर लाटा दिसतात, त्यांना आम्ही फ्रिंज म्हणतो. थराची जाडी एल आणि सरासरी अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो तो आकडा) एन धरला तर या लाटा 2 गुणिले एन गुणिले एल या एकाच आकड्यावर ठरतात, त्याला ऑप्टिकल जाडी म्हणू. 3 मायक्रोमीटरचा थर, पाण्यात भिजलेला, एन साधारण 1.6 धरला तर हा आकडा 9600 नॅनोमीटर येतो, आणि 600 नॅनोमीटरच्या आसपास दोन लाटांमधलं अंतर 37-38 नॅनोमीटर. स्पेक्ट्रमचं फुरियर रूपांतर, म्हणजे लाटा किती दाट आहेत ते काढणारं गणित, केलं की एकच शिखर मिळतं आणि ते कुठे सरकतं ते बघत बसायचं. छिद्रातलं पाणी, ज्याचा अपवर्तनांक 1.33, बाजूला होऊन तिथे प्रथिन बसलं, ज्याचा साधारण 1.45, की एन किंचित वाढतो. थराच्या एकूण आकारमानातला 1 टक्का जरी प्रथिनाने व्यापला तरी ऑप्टिकल जाडी 7 नॅनोमीटरच्या आसपास वाढते, आणि फुरियरने याच्याहून खूप लहान बदलही नीट मोजता येतो. सपाट काचेवर हे जमत नाही, कारण तिथे अँटिबॉडीचा एकच पातळ पापुद्रा बसणार. छिद्रांमुळे जागा मिळते. 40 नॅनोमीटर रुंदीची छिद्रं, 70 टक्के पोकळी, 3 मायक्रोमीटर जाडी असा हिशोब केला तर त्याच चौरस सेंटिमीटरवर आतल्या भिंतींचा पृष्ठभाग 200 पटीहून जास्त होतो. पोअरस मटेरियल वापरायचं ते या 200 पटीसाठी.

पण ही 200 पट जागा त्यालाच मिळते जो आत जाऊ शकतो.

हे वाक्य आत्ता लिहायला सोपं आहे, तेव्हा आमच्यासमोर चार वेगवेगळे संशयित होते आणि प्रत्येकाची बाजू तितकीच पटणारी होती.

पहिला संशय अँटिजेनवर. चिप बनवणारा मुलगा म्हणाला, "ताई, अँटिजेनच भिंतीवर नीट बसलं नसणार." आम्ही डेंगीच्या विषाणूच्या आवरणातलं ई प्रथिन वापरतो, त्याचा बाहेरचा भाग, प्रयोगशाळेत बनवलेला. आधी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर, त्यावर अमिनोसिलेन, मग ग्लुटराल्डिहाइड (ही दोन्ही प्रथिन भिंतीला बांधणारी रसायनं), मग प्रथिन, आणि उरलेल्या जागा बीएसएने, म्हणजे गाईच्या अल्ब्युमिनने, बंद. आयजीजीला ते अँटिजेन सापडत होतं म्हणजे ते होतं तरी नक्की. पण डॉक्टर मॅडमनी एक मुद्दा काढला जो मला फार महत्त्वाचा वाटला. आयजीएमचा एकेक हात कमकुवत असतो, तिची पकड दहा हातांची मिळून असते, त्यामुळे अँटिजेन जर विरळ बसलं असेल तर आयजीजी चिकटेल आणि आयजीएम निसटेल. हे शक्य होतं. म्हणून त्याच वेफरचा, छिद्रं न केलेला सपाट तुकडा घेतला, त्यावर तीच केमिस्ट्री त्याच क्रमाने केली, तेच सीरम दिलं, आणि वरून एन्झाइम लावलेली अँटी-आयजीएम, म्हणजे आयजीएमलाच चिकटणारी अँटिबॉडी, टाकून रंग येतो का बघितलं. रंग आला, आणि चांगला आला. म्हणजे अँटिजेन पुरेसं दाट होतं आणि आयजीएम त्याला धरत होती. तो संशय तिथे मिटला.

दुसरा संशय सीरमवर. सीरम म्हणजे पाणी नव्हे, त्यात लिटरला 60 ते 80 ग्रॅम प्रथिन असतं, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. आयजीजी लिटरला 7 ते 16 ग्रॅम, आयजीएम जेमतेम 0.4 ते 2.3 ग्रॅम, आणि त्यातलीही डेंगीविरुद्धची अगदी थोडी. न पातळ केलेलं सीरम छिद्रांत शिरलं की निव्वळ त्या प्रथिनांमुळे द्रवाचा अपवर्तनांक 0.013 ने वाढतो, आपल्या सिग्नलच्या कितीतरी पट. म्हणून सीरम शंभर पट पातळ करायचं, आणि रीडिंग सीरम असताना धरायचं नाही, आधीच्या बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि नंतर धुऊन परत बफरमध्ये आल्यावरचं यांच्यातला फरक धरायचा. हे आम्ही पहिल्यापासून करत होतो, शेजारी अँटिजेन नसलेली, फक्त बीएसएची संदर्भ चिपही ठेवत होतो. तिथून काही नवीन निघालं नाही.

तिसरा संशय माझ्या बाजूचा, म्हणजे बेसलाइनचा, काही बसलेलं नसतानाच्या मूळ रीडिंगचा, आणि इथे जरा थांबते कारण मुंबईत हे काम करणाऱ्याला हे भोगावंच लागतं. सच्छिद्र सिलिकॉन 7.4 पीएचच्या बफरमध्ये हळूहळू विरघळतं. अँटिबॉडी बसली की ऑप्टिकल जाडी वाढते, विरघळलं की कमी होते, दोन्ही एकाच वेळी चालू असतं आणि सिग्नल लहान असला की एक दुसऱ्याला गिळून टाकतो. थर ऑक्सिडाइझ करून घेतला की हे बरंच आवरतं, पूर्ण थांबत नाही. मग तापमान. पाण्याचा अपवर्तनांक एका डिग्रीला साधारण 0.0001 ने बदलतो, आमच्या थरासाठी ते 0.4 नॅनोमीटरच्या घरात जातं, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झालेला ग्राफवर दिसतो. आणि पावसाळ्यातली हवा. 20 नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रात, भिंती पाणी धरणाऱ्या असतील तर, 90 टक्के आर्द्रतेलाच वाफेचं पाणी होऊन छिद्र भरतं, आणि जुलैमध्ये इथे 90 टक्के म्हणजे रोजचंच. कोरड्या चिपचं रीडिंग त्यामुळे या दिवसांत विश्वासाचं राहत नाही, आणि नुकतीच कोरलेली, ऑक्साइड न केलेली चिप नुसती टेबलावर ठेवली तरी हळूहळू बदलत जाते. आम्ही चिप्स डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवतो, फ्लो सेलला, म्हणजे चिपवरून द्रव वाहता ठेवणाऱ्या पेटीला, तापमान धरून ठेवणारा ब्लॉक लावलाय, आणि प्रत्येक वेळी संदर्भ चिपचा सरकाव वजा करतो. हे सगळं करूनही आयजीएमची रेघ सपाटच.

एक गोष्ट मध्येच सांगते कारण ती राहून जाता कामा नये. ही चिप बनवताना जे अ‍ॅसिड वापरतात ते, एचएफ, साध्या अ‍ॅसिडसारखं नाही. कातडीतून आत जाऊन ते शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि जळल्याची वेदना कधी कधी तासांनी सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, फ्यूम हूड आणि योग्य ग्लोव्हज नसतील, आणि शेजारी दुसरं माणूस नसेल तर हे काम करायचंच नाही. घरी किंवा कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये तर अजिबात नाही. व्हिडिओ बघून प्रयत्न करणारी मुलं मला भेटली आहेत, त्यांना मी हात जोडून सांगते, नका करू.

परत प्रकरणाकडे. चौथा संशय आकाराचा. आयजीजी म्हणजे 150 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), द्रवात तिचा व्यास 10-11 नॅनोमीटर धरायला हरकत नाही. आयजीएम म्हणजे तशा पाच तुकड्यांचं चक्र, 970 किलोडाल्टनच्या आसपास, पसरलेली असताना 35 नॅनोमीटरपर्यंत. आणि आमची छिद्रं 40 नॅनोमीटरची, एसईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या, फोटोत स्वच्छ दिसतात, त्यामुळे कागदावर 35 चं 40 मध्ये बसत होतं. ग्रुपच्या सरांनीही फोटो बघून हेच म्हटलं होतं की जागा आहे. पण तो फोटो नुकत्याच कोरलेल्या चिपचा होता. त्यानंतर सिलिकॉनचं ऑक्साइड होतं आणि ऑक्साइड फुगतं, जितकं सिलिकॉन गेलं त्याच्या दुपटीहून जास्त जागा ते व्यापतं, म्हणजे भिंती आत सरकतात. मग सिलेन, मग अँटिजेन, आणि प्रथिनाचा थर एका बाजूला 5 नॅनोमीटर धरला तरी समोरासमोरच्या भिंतींचे मिळून 10 गेले. मधल्या जागा भरणारं बीएसए वेगळं. उरलेलं भोक 25 नॅनोमीटर असलं तरी नशीब म्हणायचं. शिवाय कोरायला सुरुवात होताना अगदी वरच्या टोकाला छिद्रं खालच्यापेक्षा अरुंद असतात, एक पातळ कातडीच म्हणा, आणि आत जायचं दार नेमकं तिथेच.

आणि कण छिद्रात मावतो म्हणजे तो आत जातोच असंही नाही. रेंकिन यांचं 1954 चं समीकरण आहे, गोल कण आणि सरळ छिद्र असं धरून, त्यात कणाचा व्यास छिद्राच्या अर्धा असेल तर आत जाण्याचं प्रमाण मोकळ्या द्रवाच्या 4-5 टक्क्यांवर येतं. कण छिद्राच्या पाचव्या हिश्श्याइतका असेल तर 38 टक्के. म्हणजे आयजीजीसुद्धा आमच्या 25 च्या भोकात घुसमटतच जात होती, तिची संख्या जास्त म्हणून निभावत होतं. आयजीएम आत जाण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हे सगळं पटण्यासारखं होतं पण पटणं आणि सिद्ध होणं वेगळं, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग इथे आहे. आत गेली की नाही हे आत न बघता कसं कळणार? 3 मायक्रोमीटरचा थर साध्या मायक्रोस्कोपखाली उभा कापून बघायला फारच पातळ. तेव्हा जाडी बदलायची असं ठरलं. त्याच करंटने, फक्त वेळ कमी-जास्त करून, पातळ, मध्यम आणि जाड अशा चिप्स केल्या, छिद्रांची रुंदी तीच ठेवून. अँटिबॉडी जर छिद्रभर बसत असेल तर थर दुप्पट जाड केल्यावर सरकाव दुप्पट व्हायला हवा. ती फक्त तोंडाशी बसत असेल तर थर कितीही जाड करा, सरकाव तेवढाच, कारण तोंड तेवढंच आहे. आयजीजीचा सरकाव जाडीबरोबर वाढत गेला. आयजीएमचा सगळ्या चिप्सवर तोच, जेमतेम बेसलाइनच्या वर. हिशोबही जुळतो बघा, जे प्रथिन 3000 नॅनोमीटरभर पसरून 7 नॅनोमीटरचा सरकाव देतं, ते त्याच दाटीने फक्त वरच्या 100 नॅनोमीटरमध्ये बसलं तर 0.23 च देणार. एक डिग्री तापमानाच्या फरकापेक्षा कमी! म्हणजे चिपवर आयजीएम होती, पहिल्या मिनिटापासून होती, पण प्रकाशाला ती दिसेल अशा ठिकाणी नव्हती.

याच्या पुढचा प्रयोग त्या मुलाने स्वतःहून केला. आधी आयजीएमवालं सीरम दिलं, धुतलं, आणि मग त्याच चिपवर आयजीजीवालं. आयजीजीचा सिग्नलही पडला, नव्या चिपवर यायचा त्याच्यापेक्षा बराच कमी. चाळींच्या बोळात पाण्याचा टँकर शिरत नाही, तोंडाशीच उभा राहतो, आणि मग मागून येणारी सायकलसुद्धा अडकते, तसं झालं होतं. हे रुग्णाच्या दृष्टीने जास्त गंभीर आहे असं मला वाटतं, कारण खऱ्या रक्तात दोन्ही अँटिबॉडी एकत्रच असतात, म्हणजे ही चिप आयजीएम चुकवते इतकंच नाही, आयजीएम जास्त असेल तिथे आयजीजीचा आकडाही खोटा कमी दाखवते, आणि त्या दोघींच्या प्रमाणावरूनच तर डेंगी पहिला की दुसरा हे डॉक्टर ठरवतात.

मग उपाय. छिद्रं मोठी करायची हे उघड होतं, कशी आणि किती यावर बराच वाद झाला. एक मार्ग म्हणजे तयार चिप थोडा वेळ पातळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवायची, भिंती खरवडल्या जाऊन छिद्रं रुंदावतात, पण ते हातात धरून ठेवणं कठीण आणि दोन चिप्स सारख्या निघत नाहीत. दुसरा मार्ग वेगळाच वेफर घ्यायचा, एन-टाइप, त्यात 100 नॅनोमीटरच्या वरची छिद्रं मिळतात, रोचेस्टरमध्ये फिलिप फोशे यांच्या ग्रुपने 2005 मध्ये मोठ्या रेणूंसाठी अशाच मोठ्या छिद्रांची रचना दाखवली होती. आमच्याकडे वेफर्स पी-टाइप, बोरॉन भरपूर असलेले, आणि नवीन मागवायचे तर खरेदीची फाइल फिरायला वेळ, म्हणून तिसरा मार्ग धरला. आधी एक पातळ थर कोरायचा आणि तो अल्कलीत पूर्ण विरघळवून फेकून द्यायचा, त्याच्याबरोबर ती वरची अरुंद कातडी जाते आणि खाली जे खळगे उरतात तिथूनच पुढची छिद्रं उघड्या तोंडाने सुरू होतात. मग करंट डेन्सिटी वाढवून कोरायचं, म्हणजे छिद्रं रुंद येतात. आणि ऑक्सिडेशन कमी तापमानाला, अर्धवट, म्हणजे भिंती फार फुगत नाहीत.

याची किंमत मोजावी लागली. छिद्र 100 नॅनोमीटरचं आणि पोकळी 75 टक्के धरली तर पृष्ठभाग 200 पटीवरून 90 पटीवर येतो, निम्म्याहून कमी. सरांचा आक्षेप हाच होता की पोअरस मटेरियलचा फायदाच घालवताय. पण आयजीएमचा एक रेणू आयजीजीच्या सहापटीहून जड आहे, आणि अपवर्तनांकाला मतलब किती रेणू बसले याच्याशी नाही, किती प्रथिन बसलं याच्याशी आहे. कमी जागेत कमी आयजीएम बसल्या तरी प्रत्येकीचं वजन आपल्या बाजूने आहे. दुसरी किंमत प्रकाशाची, छिद्रं रुंद झाली की थर प्रकाश विखुरतो, फ्रिंज फिक्या पडतात, निळ्या बाजूला आधी. म्हणून मी 500 पासून मोजणं सोडलं आणि 600 ते 850 नॅनोमीटरचा पट्टा धरला. लाटा कमी मिळतात, शिखर जरा पसरतं, पण चालतं. तिसरी किंमत ऑक्साइड अर्धवट ठेवल्याची, बेसलाइन पुन्हा जास्त घसरायला लागली, आणि त्यावर संदर्भ चिप शेजारी ठेवण्याऐवजी एकाच चिपवर अर्ध्या भागात अँटिजेन आणि अर्ध्या भागात फक्त बीएसए, असा उपाय केला. दोन्ही अर्धी एकाच वेफरची, एकाच बफरमध्ये, एकाच तापमानाला विरघळतात, त्यामुळे वजाबाकी जास्त प्रामाणिक होते.

या नव्या चिपवर आयजीएमचा सरकाव पहिल्यांदा जाडीबरोबर वाढला. मला आकड्यापेक्षा ही गोष्ट मोलाची वाटते, कारण सरकाव मोठा दिसायला दहा कारणं असू शकतात, जाडीच्या प्रमाणात वाढायला एकच. आधी आयजीएम मग आयजीजी हा प्रयोगही परत केला, आयजीजीची घट बरीच कमी झाली. आणि लेबल न लावण्याची एक मूळ अडचण आहे, प्रकाशाला आयजीजी आणि आयजीएममधला फरक कळत नाही, त्याला फक्त प्रथिन कळतं. म्हणून सीरमनंतर धुऊन दुसऱ्या टप्प्यात अँटी-आयजीएम सोडायची, भिंतीवर आयजीएम असेल तरच आणखी सरकाव येतो. ही दुसरी अँटिबॉडी जुन्या चिपवर काहीच दाखवत नव्हती, नव्या चिपवर ती स्वच्छ दिसली. एलायझात आयजीएम निगेटिव्ह आलेल्या सीरमवर ती सपाट राहिली, जशी राहायला हवी.

डॉक्टर मॅडमचं समाधान अजून झालेलं नाही आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना आजाराच्या कितव्या दिवशी ही चिप आयजीएम पकडते ते हवंय, म्हणजे एकाच रुग्णाचे वेगवेगळ्या दिवसांचे नमुने, आणि तसे नमुने मिळणं कठीण असतं कारण ताप उतरला की माणूस परत येत नाही. शिवाय डेंगीच्या ई प्रथिनाला जपानी मेंदुज्वर किंवा झिकाच्या अँटिबॉडीही थोड्याफार चिकटतात, सगळे एकाच कुळातले विषाणू, तो प्रश्न छिद्रं मोठी करून सुटणारा नाही, त्याला अँटिजेनच बदलावं लागेल.

आमच्या बाजूने पुढचं काम छिद्राच्या तळाचं आहे. आत्ताची छिद्रं खालून बंद आहेत, रेणू वरून शिरतो आणि त्याला आपला आपणच खाली पसरत जावं लागतं, वाटेत प्रत्येक भिंत त्याला धरून ठेवते. दोन्ही बाजूंनी उघडी छिद्रं असलेला पडदा केला तर सीरम त्यातून ढकलता येतं, शॅरन वाइस यांच्या ग्रुपने 2016 मध्ये सिलिकॉनच्या अशा पडद्यांवर दाखवलंय की पातळ द्रावणातले मोठे रेणू त्यामुळे फार लवकर पकडले जातात. सिलिकॉनचा एवढा पातळ पडदा सांभाळणं आमच्या सध्याच्या सोयीत बसत नाही, म्हणून आम्ही अ‍ॅल्युमिनियमकडे बघतोय. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये 40 व्होल्टला अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडची छिद्रं एकमेकांपासून साधारण 100 नॅनोमीटरवर आपोआप ओळीत उगवतात, मग फॉस्फोरिक अ‍ॅसिडने ती हवी तेवढी रुंद करता येतात, एचएफ लागत नाही, आणि सात-सव्वासात पीएचच्या बफरमध्ये ती सिलिकॉनपेक्षा नीट टिकतात. फ्रिंज मात्र फिक्या येणार, कारण अ‍ॅल्युमिना स्वतःच पारदर्शक आणि खालचं धातूचं आरशासारखं अस्तर पडदा करताना काढून टाकावं लागतं. त्यावर वरून सोन्याचा अगदी पातळ थर देऊन परावर्तन वाढवता येतं, पण सोन्याने छिद्राचं तोंड किती अरुंद होतं ते या वेळी अँटिजेन बसवून झाल्यावरच्या चिपवर मोजायचं, कोऱ्या चिपवर नाही, असं आम्ही आधीच ठरवून टाकलंय.